घर पाहावें राहून

'घर पाहावें बांधून' अशी आपल्याकडे म्हण आहे. परंतु हल्लीं घर बांधण्याचा योग मध्यम स्थितींतील गृहस्थास क्वचितच येतो. त्याला तें विकत घ्यावें लागतें. तेव्हां म्हणींत थोडा फेर करून 'घर पाहावें राहून' असें म्हणण्याची वेळ आली आहे, असा आमचा अनुभव आहे. तो कोणाच्या तरी उपयोगीं पडेल, म्हणून येथें सांगत आहों.

आमचें आठ माणसांचें कुटुंब डोंबिवलींत तीन खोल्यांत राहतें. १८५३ सालीं आगगाडी ठाण्यापर्यंत आली, पुढच्याच सालीं ती कल्याणास पोंचली, आणि तेव्हांपासून या पट्ट्यांतील मनुष्य घर पाहतांना आधीं 'स्थानक किती दूर?' हें विचारतो. आम्हींही जन्मभर तेंच विचारलें. परंतु शाळेंतून निवृत्त झाल्यावर एखाद्या जुन्या ठिकाणीं, देवळाच्या सान्निध्यांत, अंगणाचें घर घ्यावें व पुत्रपौत्रांसह तेथें राहावें, ही इच्छा बळावली. डोंबिवलीपासून पांचवें स्थानक अंबरनाथ. तेथील पुरातन शिवमंदिराजवळ एक कौलारू घर विकावयाचें आहे, असें एका दलालाकडून कळलें. घर पाहून थोरले चिरंजीव म्हणाले, "अण्णा, वर एक मजला चढविला कीं आपण सगळे मावतों." आम्हांस तें पटलें. मात्र आयुष्याची पुंजी ओतण्यापूर्वीं तेथें राहून पाहावें, असा आग्रह आमच्या कुटुंबानें धरला. घरमालक सज्जन होते. आषाढापासून माघापर्यंत त्यांनीं तें घर आम्हां उभयतांस भाड्यानें दिलें.

त्या आठ महिन्यांत प्रातःकाळीं मंदिरांत जाण्याचा आमचा नेम होता. मंदिरांतील संस्कृत लेखांत शक ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हें वर्ष आलें आहे. शिलाहार राजा मुम्मुणि याच्या काळचा तो लेख. जन्मभर मुलांकडून शब्दरूपें घोकून घेतलेल्या आम्हांस तीं झिजलेलीं अक्षरें लावतां येईनात, तेव्हां आपल्या विद्येचें माप आम्हांस कळून आलें. सभामंडपांतून पायऱ्या उतरून गर्भगृहांत जावें लागतें. आणि शिखराचा माथा आज शिल्लक नसल्यामुळें तेथून वर पाहिलें कीं आकाश दिसतें. तेथें उभें राहिलें म्हणजे किंमत, दलाल, खरेदीखत या सर्वांचा विसर पडे.

परंतु मनुष्य चोवीस तास गर्भगृहांत राहत नाहीं. श्रावणांत कौलें गळूं लागलीं आणि घरांतलीं सगळीं पातेलीं ठिबक्याखालीं गेलीं. वालधुनी नदी शेजारून वाहते. कारखान्यांच्या सांडपाण्यानें तिची जी दशा झाली आहे, ती वारा फिरला कीं नाकास कळते. २६ जुलै २००५ च्या महापुरांत पाणी ओट्याच्या कोणत्या पायरीपर्यंत चढलें होतें, तें शेजारच्या वृद्ध बाईंनीं बोट ठेवून दाखविलें. दर सोमवारीं दारावरून गर्दी जाई, आणि महाशिवरात्रीस तर आम्हांस आमच्याच घराबाहेर पडतां येईना. या गोष्टी अर्ध्या तासाच्या पाहणींत कोणास दिसणार?

याहून मोठी गोष्ट मार्गशीर्षांत उलगडली. दलालानें देवळाच्या दारापासून १४० पावलें चालून दाखवून "घर हद्दीबाहेर आहे" असें सांगितलें होतें. आम्हीं चौकशी केली. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यांत २०१० सालीं दुरुस्ती झाली आहे. तदनुसार केंद्राच्या संरक्षणाखालील स्मारकापासून निदान १०० मीटरपर्यंत नवें बांधकाम निषिद्ध असून, त्यापुढें निदान २०० मीटरपर्यंत तें परवानगीवांचून करतां येत नाहीं. आणि हें अंतर मोजावयाचें तें देवळाच्या दारापासून नव्हे, संरक्षित क्षेत्राच्या सीमेपासून! त्या हिशेबानें आमचें घर शंभराच्या आंत पडलें. १६ जून १९९२ च्या पूर्वींचें असल्यानें त्याच्या दुरुस्तीसाठीं परवानगी मागतां आली असती. मजला मात्र चढवितां येत नव्हता. नियम मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

प्रथम आम्हांस रागच आला. आपल्या पैशानें घेतलेल्या घरावर आपली सत्ता चालूं नये, हा कोठला न्याय? आमचे एक भाचे नोकरीनिमित्त इंग्लंडांत असतात. त्यांना लिहिलें, तेव्हां त्यांचें उत्तर आलें कीं, "मामा, येथेंही तेंच आहे." तिकडे ऐतिहासिक म्हणून नोंद झालेल्या घराच्या स्वरूपांत स्थानिक संस्थेच्या संमतीवांचून फेरफार करणें गुन्हा ठरतो, आणि पूर्वीच्या मालकानें चोरून केलेला बदलही नव्या मालकास निस्तरावा लागतो. विल्टशर परगण्यांतील लॅकॉक हें जुनें गांव तर १९४४ सालीं नॅशनल ट्रस्ट या संस्थेस दान मिळालें. तेथील बहुतेक घरांत लोक भाडेकरू म्हणूनच राहतात. पत्र वाचून आमचा राग निवळला. नऊशें वर्षांहून अधिक काळ उभ्या असलेल्या देवळानें आमच्या एका मजल्यासाठीं मागें सरावें, अशी अपेक्षा आम्ही करीत होतों!

माघांत सर्व मंडळी जमलीं. चिरंजीव खट्टू झाले. तेव्हां धाकट्या सूनबाई, ज्या एरवीं अशा बोलण्यांत पडत नाहींत, शांतपणें म्हणाल्या, "अण्णा, मुलांच्या शाळा डोंबिवलींत आहेत. मजला झाला असता, तरी आम्हांला येथें येणें कठीणच होतें. तुम्हांला वाईट वाटेल म्हणून कोणी बोललें नाहीं." क्षणभर कोणी कांहीं बोललें नाहीं. कायद्यानें अडविलेला मजला आम्हांस दिसला होता; घरच्या माणसांचें मौन मात्र दिसलें नव्हतें. तीं अक्षरें तर झिजलेलींही नव्हतीं.

तें घर आम्हीं घेतलें नाहीं. घरमालकांस खरें कारण सांगितलें; दलालानें सांगितलेलें अंतर चुकीचें आहे हेंही सांगितलें, म्हणजे पुढचा ग्राहक फसूं नये. कुटुंबाचे गुडघे त्या उंच ओट्यानें धरले होते. डोंबिवलीस परत आल्यावर त्यांना बरें वाटलें. आतां महिन्यांतून एकदां आम्ही सकाळच्या गाडीनें अंबरनाथास जातों. गेल्या खेपेस एका नातवाला घेऊन गेलों होतों. गर्भगृहांत उतरल्यावर त्यानें वर पाहिलें आणि विचारलें, "आजोबा, याचें छप्पर कोणी दुरुस्त कां करीत नाहीं?" त्याला हा सारा कायदा समजावून सांगतां सांगतां आम्ही स्थानकावर केव्हां येऊन पोंचलों, तें कळलेंही नाहीं.