ऊन वर, मीटर खाली

आमच्या अण्णांचं रेडिओचं गणित एका ओळीचं होतं. ऊन चढलं की मीटरचा आकडा खाली आणायचा, ऊन उतरलं की आकडा चढवायचा. बेळगावात, शहापूरच्या आमच्या घरी मी ते १९९० साली शिकलो. तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. हौस म्हणून नाही शिकलो. काका कुवेतला होता.

२ ऑगस्टला इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं आणि तिथले फोन बंद पडले. काकू सहा महिन्यांच्या बाळाला घेऊन आमच्याकडेच होती. आकाशवाणीच्या बातम्या ठरलेल्या वेळी लागायच्या, मधले तास खायला उठायचे. म्हणून अण्णांनी शॉर्टवेव्ह धरली.

पहाटे ३१ किंवा ४१ मीटरवर आवाज स्वच्छ यायचा. नऊ-दहा वाजले की तोच आवाज विहिरीत पडल्यासारखा खोल जायचा. मला वाटायचं सेल संपले. अण्णा म्हणायचे, "सेल नाही रे, ऊन आलं," आणि काटा १९ नाहीतर १६ मीटरवर न्यायचे. तिथे भर दुपारी बीबीसीचं इंग्रजी खणखणीत! संध्याकाळी पुन्हा उलटा प्रवास.

त्यामागचं कारण मला कॉलेजात कळलं. शॉर्टवेव्हच्या लहरी आकाशातल्या विद्युतभारित थरांवरून परत जमिनीकडे वळतात. त्यांतला सगळ्यांत खालचा थर उन्हानंच तयार होतो आणि जास्त मीटरच्या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो विरतो, मग ३१, ४१, ४९ मीटर जिवंत होतात. १६-१९ मीटरच्या लहरी मात्र दिवसा छान वळतात आणि रात्री वरचे थर विरळ झाले की बऱ्याचदा सरळ अवकाशात निघून जातात. शिवाय सूर्यावरचे डाग अकरा-एक वर्षांनी वाढतात, तेव्हा दिवसाचे पट्टे आणखी चांगले लागतात. १९९० त्यांच्या भराच्या काळातलं होतं. आमचं नशीब!

अण्णांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांच्याकडे होती खिडकीतून आंब्यापर्यंत ताणलेली तांब्याची तार आणि मी. पावसात वीज कडाडली की ४९ मीटरवर नुसती तडतड व्हायची. मग मला तार धरून उभं करायचे. माझ्या अंगानं आवाज थोडा वाढायचा, हे खरं आहे.

एका रात्री निवेदक अम्मानहून सुटणाऱ्या विमानांबद्दल सांगत होता. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभी. नेमका तेव्हाच आवाज लाटेसारखा ओसरला. परत आला तेव्हा हवामान चाललं होतं. काकू काही न बोलता आत गेली आणि भांडी घासत बसली. घासलेलीच भांडी. अण्णांनी त्या रात्री दीड वाजेपर्यंत काटा फिरवला.

(कोणाला आज करून बघायचं असेल तर घरातले एलईडी दिवे आणि चार्जर आधी बंद करा, नाहीतर गच्चीवर जा. त्यांची खरखर विजेपेक्षा वाईट. बीबीसी हिंदीची शॉर्टवेव्ह मात्र जानेवारी २०२० मध्ये थांबली.)

त्या वर्षी एअर इंडियानं अम्मानहून एक लाखावर भारतीय आणले. त्यांत काका होता. सप्टेंबरच्या शेवटी शेजारच्यांच्या फोनवर मुंबईहून निरोप आला आणि दोन दिवसांनी तो स्वतः. वाळलेला, पायात दुसऱ्याच कोणाची चप्पल. जेवण झाल्यावर त्याची नजर रेडिओकडे गेली.

"संध्याकाळची बीबीसी हिंदी कितीवर लावता?"

"एकतीस," मी म्हणालो.

"छावणीत एकाकडे ट्रान्झिस्टर होता. आम्ही एकोणीसवर ऐकायचो. तीच बातमी."

अण्णा क्षणभर थांबले. "म्हणजे तिकडे अजून ऊन असायचं," ते म्हणाले आणि पानाचा डबा पुढे ओढला.