निचरा

‘घंगाळ म्हणजे काय?’ असे एकदा वर्गात विचारले, तेव्हा मागच्या बाकावरून उत्तर आले, ‘रिसॉर्टच्या दारात पाण्यावर फुलं सोडून ठेवतात ते!’ वर्ग हसला, आम्हांलाही हसू आले. पण हसण्याचा अधिकार आम्हांला नव्हता. आमच्या घरचे घंगाळही न्हाणीतून केव्हाच गॅलरीत आले होते आणि त्यात आम्ही मोगरा लावला होता.

आम्ही दोघेही मराठी शिकवतो. राजापूरजवळचे घर बंद करून आई पुण्यात आमच्या तिसऱ्या मजल्यावर राहायला आली, तेव्हा हे पितळी घंगाळ तिच्यासोबत आले. (आमच्यापैकी एकाची ती आई, एकीची सासू, हाक मात्र दोघांचीही एकच.) ओल्या फडक्यात गुंडाळलेली परसातल्या मोगऱ्याची फांदीही तिने आणली होती. पावसाळ्यात फांदी रुजली. ती घंगाळात लावावी, ही कल्पना आमची. आई एवढेच म्हणाली, ‘‘त्याला भोक नाही. भांडं आहे ते, कुंडी नव्हे.’’

तिच्या संसारातल्या पितळेला ड्रिल लावणे आमच्या जिवावर आले. मग तळाशी चार बोटे खडी घातली आणि वर माती भरली. जास्तीचे पाणी खडीत उतरेल आणि मुळे सुरक्षित राहतील, असा आमचा हिशेब होता. पुष्कळांचा असतो. तो चुकीचा आहे. बारीक माती आपल्या रंध्रांत पाणी धरून ठेवते. ती पुरती तुडुंब भिजल्याशिवाय ते खालच्या खडीच्या मोठ्या पोकळ्यांत उतरत नाही. म्हणजे खडीने ओल खाली नेली नाही. उलट ती मुळांच्या जवळ, वर आणून ठेवली. मातीच्या कणांमधली जी जागा हवेची, ती पाण्याने व्यापली. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो, हे आम्ही शाळेत शिकलो होतो आणि विसरलो होतो.

खरी फसगत पुढेच होती. पाण्यावाचून सुकणारे झाड आणि पाण्यात गुदमरणारे झाड सुरुवातीला सारखेच दिसते. दोन्हींची पाने माना टाकतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून ओल्या मातीत उभे असलेले झाड तहानलेले भासते. मोगऱ्याने मान टाकली, की आम्ही तांब्याभर पाणी घालत होतो. संहितेचे सूक्ष्म वाचन शिकवणाऱ्या आम्हांला माती बोटाने चाचपून पाहण्याचेही सुचले नाही.

त्याच महिन्यांत आईही मिटत चालली होती. बोलणे उणावले, जेवण उणावले. तिला काही कमी पडते आहे, असा अर्थ आम्ही लावला. टॉनिके आणली, फळांच्या फोडी पुढे ठेवल्या, कोणत्याही कामाला हात लावू दिला नाही. ‘‘तू फक्त बस,’’ हे वाक्य आम्ही मोठ्या प्रेमाने दिवसातून दहादा उच्चारत होतो.

मोगरा वाळला, तेव्हा तिनेच मुळांचा गड्डा उपसून नाकाशी नेला. ‘‘कुजलंय. पाण्याला वाट नव्हती.’’ मग थोड्या वेळाने, जणू वेगळेच काही सांगावे तशी म्हणाली, ‘‘न्हाणीतलं पाणी मोरीतून अळवाला जायचं, तिथून केळीला.’’

पुढे ती काही बोलली नाही. पण तेवढ्याने घंगाळ आम्हांला प्रथमच दिसले. पाणी साठवून ठेवण्यासाठी ते नव्हतेच. तांब्यातांब्याने ते रिकामे होई, म्हणून रोज भरता येई. आईचे गावचे दिवसही तसेच होते. शेजारणीला अळू द्यायचे, कुणाच्या बाळंतिणीला लाडू पाठवायचे, गड्यावर रागवायचे. दिवसभर तिच्याकडून काही ना काही बाहेर जात असे. आमच्या घरात तिच्याकडे सगळे फक्त येत होते.

दुसऱ्या दिवशी भाजी निवडायला तिच्यापुढे ठेवली. हळूहळू कुकरच्या शिट्ट्या तिच्या अखत्यारीत गेल्या, आणि खालच्या मजल्यावरच्या मुलीला पाढे शिकवणेही. दुसरे रोप आम्ही भोक असलेल्या मातीच्या कुंडीत लावले आणि ती कुंडी घंगाळात, पालथ्या ताटलीवर ठेवली. पाणी घातल्यावर घटकाभराने कुंडी उचलायची आणि खाली साचलेले पाणी ओतून टाकायचे, ही तिची शिस्त.

आईला जाऊन आता चार वर्षे झाली. तिच्या अखेरच्या काळात आम्ही तिला नीट वाचले की नाही, हे सांगणे कठीण आहे. कुंडी मात्र अजून उचलतो. पाणी घालण्यापूर्वी पेरभर बोट मातीत घालून पाहतो. ओल लागली, तर तांब्या तसाच भरलेला परत नेतो. हे अजूनही जड जाते.