डबा, शिसे आणि श्वास

पाण्यात उतरलेल्या माणसाला त्याचे वजन खाली ओढते आणि त्याने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतके प्लावक बल वर उचलते. दोन्हींत जे जास्त, तिकडे माणूस जातो. आर्किमिडीजचे हे तत्त्व शाळेच्या पुस्तकात उशिरा येते. लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातल्या किल्लारीत वाढलेल्या मुलाला ते त्याच्या कितीतरी आधी कळलेले असते, तेही अंगाने. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपाने देशाला माहीत झालेल्या या गावापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तेरणेचे पाणी ऋतूवर अवलंबून. त्यामुळे पोहणे शिकायचे ते शेतातल्या विहिरीत. पाऊस दगा देतो त्या वर्षी तेही जमत नाही. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, तशा सालात विहिरीच्या तळाला उरते ते प्यायलाही पुरत नाही.

पाणी असलेल्या विहिरीत शिकवण्याची रीत ठरलेली. चुलता किंवा थोरला भाऊ काठावर दोर धरून उभा राहतो आणि पोराच्या पाठीला काहीतरी हलके बांधून त्याला आत सोडतो. पूर्वी त्यासाठी वाळवून पोकळ केलेला भोपळा असे. पुढे तोंड घट्ट बंद केलेला तेलाचा डबा आला, प्लॅस्टिकचा कॅन आला, ट्रॅक्टरच्या टायरची ट्यूब आली. हिशेब सगळ्यांचा एकच. पाण्याखाली दाबलेली एक लिटर पोकळी साधारण एक किलो भार उचलते. पाच लिटरचा डबा स्वतःचे वजन वजा जाता पाच किलोला थोडा कमी.

या साधनांत एक फरक आहे आणि पुढे समुद्रात सारा खेळ त्याच फरकावर चालतो. भोपळा कडक असतो. तो पाण्याखाली नेला तरी त्याचे आकारमान तेच राहते, म्हणून त्याची उचलही तीच राहते. ट्यूब लवचीक असते. ती खोल नेली की पाण्याचा दाब तिला आवळतो, आतली हवा आक्रसते आणि उचल घटते. दर दहा मीटर खोलीला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. पृष्ठभागावर सहा लिटर असलेली मऊ वेष्टनातली हवा दहा मीटरवर तीन लिटर होते, वीस मीटरवर दोन आणि तीस मीटरवर दीड. सर्वांत मोठा बदल पहिल्या दहा मीटरांतच होतो, हे या आकड्यांवरून दिसते.

विहिरीतले शिक्षण आधार कमी करत पुढे सरकते. दोन डब्यांचा एक होतो, मोठ्याचा लहान होतो, मग नुसता दोर उरतो आणि एके दिवशी तोही सुटतो. अंगाला बांधलेले सगळे गेल्यावर राहते ती छातीतली हवा. साध्या श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा आत-बाहेर होते, म्हणजे अर्ध्या किलोची उचल वाढते आणि घटते. पूर्ण भरलेली छाती आणि रिकामी छाती यांतला फरक चार लिटरांपर्यंत जातो. उताणे पडून तरंगणारे पोर छाती भरलेली ठेवते आणि तळाचा खडा काढायला बुडी मारणारे श्वास सोडत खाली जाते. स्कूबामध्ये, म्हणजे पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा घेत पाण्याखाली पोहण्यात, तरंग सांभाळण्याचे हेच मूळ कौशल्य आहे. बाकीची साधने त्याच्या मदतीला येतात.

समुद्रात गणित उलटे होते. विहिरीत बुडण्याची भीती असते, तर समुद्रात बुडताच न येण्याची अडचण. खाऱ्या पाण्याचे एक लिटर सुमारे १.०२५ किलो भरते. साहित्यासह नव्वद किलोच्या माणसाला गोड्या पाण्यातून समुद्रात गेल्यावर सव्वादोन किलोची जादा उचल मिळते. त्यात वेटसूटची भर पडते. वेटसूट निओप्रीनचा, म्हणजे वायूच्या बारीक बुडबुड्यांनी भरलेल्या रबराचा असतो. हे बुडबुडेच ऊब राखतात आणि तेच तरंगवतात. म्हणून पाणबुड्या कमरेला शिसे बांधतो.

१९४३मध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी पाण्याखाली श्वास घेण्याचे उपकरण सिद्ध केले, तेव्हा तरंग सांभाळायला पाणबुड्याकडे शिसे आणि फुप्फुसे यांपलीकडे काही नव्हते. मोरिस फेंझी या फ्रेंच माणसाने १९६१च्या सुमारास गळ्यात अडकवायची, हवेने फुगणारी पिशवी आणली. तिच्यापासून आजचे जॅकेट, म्हणजे बीसीडी, घडत गेले. एक बटण सिलिंडरमधली हवा त्यात भरते, दुसरे ती सोडते. शिवाय खांद्यावर आणि कमरेजवळ हवा झटकन सोडायच्या झडपा असतात. म्हणजे विहिरीतली ट्यूबच, फक्त पाण्याखाली कमीजास्त करता येणारी.

किल्लारीच्या माणसाला हे साहित्य बहुधा पहिल्यांदा भेटते ते मालवण-तारकर्लीला. तिथले पाणी उबदार असते आणि डायव्हिंगचा हंगाम पावसाळा सरल्यावर सुरू होऊन पुढच्या पावसाळ्याआधी संपतो. हौशी पर्यटकाच्या पहिल्या बुडीत वजन आणि हवा दोन्ही प्रशिक्षकाच्या हाती असतात. तो पाहुण्याला धरून काही मीटर खाली नेतो आणि वर आणतो. रीतसर प्रशिक्षण घेणाऱ्याला मात्र स्वतःचे शिसे स्वतः ठरवावे लागते.

ते ठरते तीन गोष्टींवर: शरीर, सूट आणि सिलिंडर. चरबी पाण्याहून हलकी आणि स्नायू पाण्याहून किंचित जड, त्यामुळे सारख्याच वजनाच्या दोघांना वेगळे शिसे लागू शकते. तीन मिलिमीटरचा सूट दोनेक किलो शिसे मागतो. सिलिंडरचा हिशेब नवख्याच्या लक्षात येत नाही, कारण हवेला वजन असते हेच तो विसरतो. उष्ण समुद्रांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या सुमारे अकरा लिटरच्या अॅल्युमिनियम सिलिंडरमध्ये २०० बार दाबाला अडीच किलोच्या वर हवा मावते. भरलेला असताना तो किंचित बुडतो. रिकामा होत आला की तोच वर ओढू लागतो. पोलादी सिलिंडर तुलनेने बुडता राहतो आणि तेवढे शिसे वाचवतो. हवेचे वजन मात्र दोन्हींतून सारखेच घटते.

म्हणून वजनाची खरी परीक्षा बुडीच्या शेवटी होते. सिलिंडरमध्ये ५० बार उरलेले असताना, जॅकेट रिकामे करून, पाच मीटरवर सहज श्वास घेत स्थिर राहता आले, तर शिसे नेमके आहे. सुरुवातीलाच अंदाज घ्यायचा तर पृष्ठभागावर उभे राहून जॅकेट रिकामे करायचे आणि साधा श्वास धरायचा. पाणी डोळ्यांच्या रेषेला यावे आणि श्वास सोडताच माणूस हळूहळू खाली जावा. सिलिंडर भरलेला असेल तर पुढे संपणाऱ्या हवेसाठी त्यात सुमारे दोन किलोची भर घालायची. शिसे कमी पडले तर शेवटच्या टप्प्यात पाच मीटरवर थांबता येत नाही. नको तेव्हा वेगाने वर फेकले जाणे फुप्फुसांना धोक्याचे असते आणि रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनमुळेही.

प्रत्यक्षात जास्त आढळते ती उलटी चूक. नवखा श्वास भरून धरतो, पाय मारत राहतो, त्यामुळे खाली जात नाही. उपाय म्हणून पट्ट्यात आणखी शिसे घातले जाते. चार किलो जादा शिसे म्हणजे ते तोलायला जॅकेटमध्ये चार लिटर जादा हवा. दहा मीटरवरून वर येताना ही चार लिटर आठ होऊ पाहते. मग सतत हवा भरायची आणि सोडायची, कंबर खाली आणि डोके वर अशा तिरक्या अवस्थेत पोहायचे, पायांना लावलेल्या पंखांनी तळाची वाळू उडवायची आणि प्रवाळाला धक्के द्यायचे. दमणूक वाढते आणि सिलिंडर लवकर संपतो. श्वास सुधारत जातो तसे एकेक किलो शिसे काढता येते. विहिरीत डबा सुटतो तसे समुद्रात शिसे सुटते. दोन्ही ठिकाणी माणूस शिकला हे त्याच्या अंगावरून काय उतरले यावरून कळते.

उबदार पाण्यासाठी जॅकेट निवडताना याच हिशेबाचा आधार घ्यावा. ते किती भार उचलते यापेक्षा ते अंगाला बसते का, रिकामे होते का, झडपा हाताला सहज सापडतात का, हे आधी पाहावे. नेमके शिसे असलेल्याला तोलण्यासाठी सिलिंडरमधली हवा आणि पातळ सूटचे आक्रसणे एवढेच उरते. पृष्ठभागावर डोके वर ठेवण्याची गरज धरली तरी दहा-तेरा किलोची उचल पुरते. भोवती फुगणारे जॅकेट पृष्ठभागावर आरामशीर, तर पाठीमागे हवा धरणारे विंग पाण्याखाली शरीर आडवे ठेवायला सोयीचे. मोठी पिशवी घेतल्याने सुरक्षितता आपोआप वाढत नाही. तिच्या घड्यांत हवा अडकते आणि ती पाण्यात ओढ निर्माण करते.

गार पाण्यात निवड बदलते, कारण पाणी शरीराची उष्णता हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने पळवते. ब्रिटनमध्ये स्थिरावलेला मराठी पाणबुड्या लेस्टरशायरमधल्या स्टोनी कोव्हला जातो. पाण्याने भरलेल्या या जुन्या दगडखाणीची कमाल खोली सुमारे पस्तीस मीटर आहे आणि हिवाळ्यात तिचे पाणी चार-पाच अंशांवर येते. पाणी गोडे, म्हणून मालवणपेक्षा दोनेक किलो शिसे कमी लागायला हवे. पण सात मिलिमीटरचा सूट किंवा पाणी आत न येऊ देणारा ड्रायसूट त्याच्या कितीतरी पट शिसे मागतो. दहा ते पंधरा किलो ही तिथे नवलाची गोष्ट नाही.

जाड निओप्रीनची अडचण केवळ शिशाची नाही. पृष्ठभागावर सात-आठ किलोने तरंगवणारा सूट खोलवर दबून बरीचशी उचल गमावतो आणि शिसे मात्र तेवढेच राहते. ही तूट विंगने भरून काढायची असते, म्हणून गार पाण्यात पंधरा ते वीस किलो उचलीचे विंग घेतात. ड्रायसूट हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवतो. आत उबदार कपडे आणि हवा असते. खाली जाताना सूटमध्ये हवा भरायची आणि वर येताना बाहूवरच्या झडपेतून सोडायची. पातळ कापडाच्या ड्रायसूटची उचल त्यामुळे खोलीनुसार फारशी बदलत नाही. पण आता हवेच्या दोन पिशव्या सांभाळाव्या लागतात. डोके खाली झाले की हवा पायांकडे धावते आणि माणूस उलटा वर जाऊ लागतो. म्हणून सूटमध्ये अंगाला आवळू नये एवढीच हवा ठेवायला शिकवतात.

एवढे शिसे एकाच पट्ट्यात बांधू नये. पट्टा कमरेवरून घसरतो आणि पाय खाली ओढतो. पोलादी सिलिंडर आणि पाठीवरची पोलादी पट्टी मिळून काही किलोंचे काम करतात आणि भार छातीच्या मागे आणतात. उरलेले शिसे पट्टा आणि खिसे यांत विभागावे. त्यातला काही भाग एका हाताने सोडता यावा, म्हणजे विंग फाटले तरी वर येता येईल. सगळे शिसे एकदम सुटणे मात्र धोक्याचे, कारण तेवढ्याच वेगाने माणूस वर जातो.

ठरलेला आकडा आयुष्यभर टिकत नाही. वयाबरोबर चरबी वाढते आणि शिसे वाढवावे लागते. व्यायामाने स्नायू वाढले तर ते घटते. वापरून दबलेला जुना सूट आधीइतका तरंगवत नाही, नवा घेतला की दोन किलो पुन्हा वाढतात. म्हणून वहीत प्रत्येक बुडीची नोंद ठेवतात: पाणी गोडे की खारे, त्याचे तापमान, सूटची जाडी, सिलिंडर कशाचा, शिसे किती आणि शेवटी पाच मीटरवर स्थिर राहता आले की नाही. यांतली एक गोष्ट बदलली तरी पुढची बुडी पृष्ठभागावरच्या परीक्षेपासून सुरू करावी.