घरांतला डोळा

विरारच्या फुलपाड्यांत आमचें बिऱ्हाड आहे. सकाळीं गाडी गांठून मुंबईस जावें आणि दिवेलागणीनंतर परतावें, हा आमचा क्रम. दिवसभर घरांत वृद्ध आई एकटी. तिला वांकवत नाहीं, आणि धुळीनें धाप लागते. म्हणून यंदा आम्हीं केर काढणारा एक यांत्रिक गडी विकत घेतला. ‘रोबो’ हा शब्द कारेल चापेक या चेक नाटककाराच्या १९२० सालच्या नाटकांतून जगभर गेला. त्याच्या मुळाशीं असलेल्या चेक शब्दाचा अर्थ ‘वेठ’. आमचा गडी मात्र कुरकुर न करतां पलंगाखालीं शिरतो, आणि आईची धाप खरोखरच कमी झाली आहे.

त्याला एक डोळाहि आहे. त्यांतून आम्हांस कचेरींत बसल्या बसल्या घर दिसे. एके दुपारीं पाहतों तों सगळा काळोख! घाबरून फोन केला. आई शांतपणें म्हणाली, “अरे, पातळ बदलायचें होतें. त्याच्यावर पंचा टाकला.”

आम्ही वरमलों. हा डोळा घरांत आणतांना आम्हीं किंमत विचारली, हमी विचारली. आईला मात्र विचारलें नाहीं.

परक्यांचें भयहि खोटें नव्हे. अशाच यंत्रांच्या चाचणीसाठीं संमति दिलेल्या घरांत टिपलेलीं चित्रें, त्यांत शौचकूपांतील एका स्त्रीचेंहि, २०२० सालीं व्हेनेझुएलांतील कामगारांच्या हातून समाजमाध्यमांवर गेलीं. २०२२ सालीं ही गोष्ट उघडकीस आली. मोलकरीणहि घरांतले चार शब्द बाहेर नेई. पण ते विरून जात. चित्र विरत नाहीं.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. तो खटला ज्यांच्या नांवानें ओळखला जातो, ते निवृत्त न्यायमूर्ति पुट्टस्वामी तेव्हां नव्वदी ओलांडलेले होते. तेव्हां हा कांहीं तरुणांचाच चोचला नव्हे. परंतु तो निकाल उंबऱ्याच्या आंत आणणें घरच्यांच्याच हातीं असतें.

त्या रात्रीं डोळा बंद कसा करावा, तें आम्हीं आईला शिकविलें.

“पण तूं पडलीस बिडलीस तर?”

“शेजारीण आहे. आणि काळजी वाटली तर फोन कर कीं, मी उचलीन.”

काळजी मिटलेली नाहीं. पण हल्लीं दुपारीं आम्ही घर पाहत नाहीं, आईशीं बोलतों, आणि “जेवलास का?” हा प्रश्न तिच्याकडून रोज येतो.