काठापासून चवड्यापर्यंत

दुकानात मोजे घेताना लोक रंग बघतात, किंमत बघतात. मी मोजा उलटा करून चवड्यावरची शिवण चाचपते. ही खोड मला मावशीकडून लागली. सत्तरच्या दशकात नाशिकला तिच्या माजघरात मोजे विणायचं हातमशीन होतं. टेबलाच्या कडेला स्क्रूनं आवळलेलं ओतीव लोखंडाचं धूड, मधोमध उभ्या खाचांचा सिलिंडर, प्रत्येक खाचेत एक सुई आणि बाजूला फिरवायचा दांडा. आळीतली मुलं शाळेचे मोजे तिच्याकडून विणून नेत. आम्ही भाचरं दांडा फिरवायला टपलेली असायचो. फिरवणं सोपंच होतं. तो नेमका कधी थांबवायचा, हे कळण्यात सगळं कसब होतं आणि ते फक्त मावशीकडे होतं.

आता तेच काम कॉम्प्युटर सांभाळतो. इटलीतल्या ब्रेशाच्या ‘लोनाती’सारख्या कंपन्यांची यंत्रं मिनिटाला शेकडो फेरे घेतात आणि तयार मोजा हवेच्या झोतानं नळीतून टोपलीत येऊन पडतो. एका मोज्याला काही मिनिटं पुरतात. मावशीची अर्धी सकाळ जोडीभर मोज्यांत जायची. तरी दोन्ही मोज्यांची वीण तीच, विणायची दिशाही तीच: काठाकडून चवड्याकडे. तेव्हाचं आणि आताचं ताडून बघायचं तर त्याच वाटेनं खाली उतरावं.

काठापासूनच सुरुवात करू. साध्या सुलट विणीचा काठ गुंडाळला जातो, म्हणून तिथं उलट-सुलट टाके लागतात. इंग्लंडमध्ये डर्बीच्या जेडेडाया स्ट्रटनं १७५९ मध्ये असे टाके यंत्रावर घालायच्या जोडणीचं पेटंट घेतलं होतं. मावशीच्या मशीनवर त्यासाठी वरून बसवायची एक तबकडी होती. तिच्यातल्या सुया आडव्या असत आणि उभ्या सुयांच्या मधून ये-जा करत. तबकडी नीट बसली नाही तर सुयांना सुया भिडत. मग कट्‌ असा आवाज होई आणि मावशीच्या तोंडून जे बाहेर पडे ते आम्हाला ऐकू येऊ नये म्हणून आजी मोठ्यानं खोकायची.

इतकं करून विणलेला काठ दहा-बारा धुण्यांत सैल पडे. शाळेत प्रार्थना संपेपर्यंत मोजे घोट्यावर गोळा झालेले असत. त्यावर उपाय म्हणजे रबरबँड. संध्याकाळी पोटरीवर त्याचा लाल वळ उमटलेला असे. १९५८ मध्ये अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीच्या जोसेफ शिव्हर्स यांनी स्पँडेक्सचा ताणला जाणारा धागा शोधला होता, पण तो आमच्या आळीत पोचायला बराच अवकाश होता. आज साध्या मोज्याच्या काठातही ताणाचा धागा असतो आणि मोजा दिवसभर जागचा हलत नाही. जुन्या दिवसांसाठी हळहळायचं ठरवलं तरी काठाच्या बाबतीत मला ते जमत नाही.

पोटरीशी मात्र गोष्ट गुंतागुंतीची होते. पाय वर जाड, घोट्याशी बारीक. हातानं विणणारी बाई टाके कमी-जास्त करत हा आकार सहज काढते. १५८९ मध्ये नॉटिंगहॅमशरमधल्या कॅल्व्हर्टन गावच्या विल्यम ली यानं मोजे विणायचा पहिला माग केला, तेव्हा सुया एका ओळीत होत्या. त्यावर सपाट तुकडा निघे. कडेचे टाके वाढवत-घटवत पायाचा आकार काढायचा आणि मग दोन कडा मागच्या बाजूनं शिवायच्या. पोटरीमागची ती सरळ शिवण पुढं साडेतीनशे वर्षं टिकली. १८६४ मध्ये लफबरोच्या विल्यम कॉटननं हेच वाढवणं-घटवणं आपोआप करणारं यंत्र काढलं, पण शिवण राहिलीच.

या शिवणीवरून रक्तही सांडलं आहे. १८११-१२ मध्ये नॉटिंगहॅमशरमधले माग फोडणारे लडाइट्स म्हणजे यंत्राला घाबरलेले अडाणी लोक, असं आपण शाळेत वाचतो. ते स्वतःच यंत्रावर पोट भरणारे कारागीर होते. मजुरी घसरली होती, धान्य महागलं होतं, आणि त्यांचा खास राग होता रुंद मागांवर. त्यांवर कापडाचं पान विणायचं, त्यातून मोज्याचे तुकडे कातरायचे आणि शिवून विकायचे, असा स्वस्त धंदा मालकांनी मांडला होता. कातरलेल्या कडेचे टाके सुटत, शिवण उसवे आणि नाव खराब होई ते सगळ्याच मोजेवाल्यांचं. सरकारनं माग फोडणाऱ्याला फाशी देण्याचा कायदा आणला. त्याविरुद्ध लॉर्ड्सच्या सभागृहात आपलं पहिलंच भाषण केलं ते कवी बायरन यानं, २७ फेब्रुवारी १८१२ रोजी. कायदा झालाच. पण नीट घडवून शिवलेला मोजा आणि कातरून शिवलेला मोजा यांतला फरक माणसाच्या जिवावर बेतू शकतो, हे तेव्हा दिसलं.

मग शिवणच नको, असं कुणाला सुचलं नाही का? सुचलं होतं. बोगदे आणि पूल बांधणाऱ्या ब्रुनेल घराण्यातल्या मार्क ब्रुनेलनं १८१६ मध्ये गोल मागाचं पेटंट घेतलं. सुया वर्तुळात मांडल्या की वीण नळीसारखी उतरते आणि शिवायला काही उरत नाही. पुढं लेस्टरच्या मॅथ्यू टाउनसेंडनं जिभेची सुई काढली. टाका सरकला की तिची जीभ आपोआप उघडते आणि मिटते. तिच्यामुळे गोल यंत्र सुटसुटीत झालं, घरातल्या टेबलावर मावू लागलं. मावशीचं मशीन याच कुळातलं.

पण गोल यंत्राची एक खोड आहे. सिलिंडरवर सुया जितक्या, तितकेच टाके. बहात्तर सुया असतील तर पोटरीलाही बहात्तर टाके आणि घोट्यालाही बहात्तरच. कमी करायची सोय नाही. मावशी त्यावर एक युक्ती करायची: घोट्याकडे येताना स्क्रू पिळून टाके आवळायची. पायाचा फार तर भास व्हायचा, घडीव आकार नाही. म्हणून पाश्चात्त्य देशांत बिनशिवणीचे लांब मोजे कितीतरी वर्षं हलके समजले जात. ते गुडघ्याशी ढिले पडत, घोट्याशी चुण्या पडत. पोटरीमागची शिवण म्हणजे ‘हा मोजा पाय मोजून विणला आहे’ याची खूण होती.

हे चित्र पालटलं ते नायलॉननं. १५ मे १९४० रोजी अमेरिकेत नायलॉनचे लांब मोजे सगळीकडे विक्रीला आले आणि झुंबड उडाली. पाठोपाठ नायलॉन युद्धाला लागलं, पॅराशूटसाठी गेलं. मोजे मिळेनात तेव्हा बायकांनी पायांना रंग लावून मागं भुवयांच्या पेन्सिलनं शिवणीची रेघ ओढली. मोज्याचं सोंग वठवायला शिवण पुरेशी होती, इतकी ती पायाची ओळख झाली होती. युद्ध संपल्यावर, जून १९४६ मध्ये, पिट्सबर्गला १३,००० जोड्यांसाठी सुमारे ४०,००० माणसं रांगेत उभी राहिली.

त्याच नायलॉननं पुढं शिवण घालवली, आणि कारण साधं आहे. नायलॉन उष्णतेनं घडी धरतं. म्हणजे यंत्रावर सरळ नळी विणायची, ती पायाच्या आकाराच्या साच्यावर चढवायची, वाफ द्यायची, आणि पोटरी-घोटा तयार. सुती किंवा लोकरीच्या नळीला हे साधत नव्हतं. टाके मोजून जो आकार मिळवावा लागे तो आता वाफेनं मिळू लागला. साठच्या दशकात स्कर्ट आखूड झाले, तशी मागची रेघ नकोशी झाली. १९५९ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्लेन रेव्हन गिरणीनं मोजे आणि चड्डी एकत्र जोडून बाजारात आणली आणि शिवणीच्या मोज्यांचे दिवस भरले. आता काही मोज्यांवर मागं रेघ दिसते, पण तिथं जोडलेलं काहीच नसतं. नळीवर जुन्या फॅशनची आठवण म्हणून ती शिवलेली किंवा छापलेली असते. पेन्सिलची रेघच पुन्हा आली, एवढंच.

टाच हा मावशीच्या कामातला सगळ्यात देखणा भाग. नळी सरळ उतरत असते, तिला काटकोनात वळवायचं कसं? मावशी अर्ध्या सुया वर ओढून कामातून बाजूला काढायची. त्यांच्यावरचे टाके तसेच थांबत. मग दांडा पूर्ण फिरवायचा नाही, घड्याळाच्या लंबकासारखा मागं-पुढं न्यायचा. प्रत्येक खेपेला कडेची एक सुई वर. कामातल्या सुया कमी होत होत तिसरा हिस्सा उरल्या की उलटी मोजणी सुरू: दर खेपेला एक सुई खाली. सगळ्या खाली आल्या की विणीला आपोआप एक खोलगट वाटी आलेली असे, कातर न लावता आणि सुईदोरा न घेता. या वेळी घरात कुणी बोलायचं नाही. खाली लोंबणारं वजन दर थोड्या वेळानं वर चढवायचं काम माझं. ते विसरलं की टाके सुयांवर चढून बसत.

आजचं यंत्र टाच अगदी याच पद्धतीनं वळवतं. सिलिंडर मागं-पुढं झुलतो, एक पिकर सुई उचलतो, दुसरा उतरवतो. मावशीच्या दोन बोटांची जागा त्या दोन पिकरनी घेतली आहे. पायातला मोजा काढून टाचेच्या बाजूला बघा, तिरकी रेघ दिसेल. सुया कमी करत गेलेल्या आणि पुन्हा वाढवत आणलेल्या फेऱ्या तिथं भेटतात. मात्र ही रेघ सगळ्याच मोज्यांवर सापडणार नाही. पारदर्शक नायलॉन मोज्यांना आता बहुधा टाचच नसते. नळी ताणली जाते आणि पाय आपली टाच तिच्यात स्वतः करून घेतो. वेळ वाचतो, सुयांची उचल-ठेव वाचते. दोन पायांना एकच मोजा चालतो, डावा-उजवा प्रश्नच नाही.

चवडा टाचेसारखाच वळवायचा. पण शेवटी बोटांवर एक उघडं तोंड उरतं. बिनशिवणीचा मोजा इथं अडतो. पहिल्या महायुद्धात अमेरिका-कॅनडात रेड क्रॉसच्या स्वयंसेविका अशाच हातमशीनवर सैनिकांसाठी मोजे विणत होत्या. खंदकातल्या ओल्या बुटांत बोटांवरची जाड शिवण म्हणजे फोड आणि जखम. म्हणून दोन्ही काठांवरचे टाके समोरासमोर धरून, सुईनं मधे आणखी एक ओळ विणल्यासारखी भरायची. जोड हाताला लागत नाही. मावशी हे काम दुसऱ्या कुणाला देत नसे. खिडकीशी बसून चष्मा नाकावर ओढून ती टाक्यात टाका घाली.

कारखान्यात हे तोंड बरीच वर्षं दुसऱ्या मशीनवर शिवलं जाई आणि साध्या मोज्यांचं अजूनही शिवलं जातं. महागड्या मोज्यांचे टाके कारागीर तबकडीच्या एकेका खिळ्यावर चढवून जोडत. आता तर यंत्रच टाक्याला टाका भिडवून तोंड मिटवतं आणि मग मोजा बाहेर टाकतं. त्याचा जोड मी डोळे मिटून चाचपला तरी सापडत नाही. मावशीचा जोड क्वचित एखाद्या बोटाला जाणवायचा, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

हरवलं ते मोज्याच्या पुढच्या आयुष्यात. मावशीचा मोजा चवड्याला झिजला की ती शेवट उसवायची, धड टाके पुन्हा सुयांवर चढवायची आणि नवा चवडा विणून द्यायची. पोटरी तीच, पाऊल नवं. टाचेला भोक पडलं तर फ्यूज गेलेला विजेचा दिवा आत घालून रफू व्हायचं. हे सगळं जमे, कारण कुठल्या ओळीत किती टाके आहेत ते विणणाऱ्या बाईला पाठ असे. ती आमच्या पावलाला दरवर्षी टेप लावायची आणि वहीत आकडा लिहायची. आजच्या मोज्यावर माप नसतं, ‘फ्री साइझ’ असतं. टाका सुटला की तो टाचेपासून मांडीपर्यंत धावतो आणि मोजा कचऱ्यात. ताणाचा धागा आत असल्यानं उसवून पुन्हा विणायचीही सोय नाही.

म्हणून मग मला वाटत होतं, शिवण गेली तशी पाय मोजायची रीतही गेली. मावशीच्या मैत्रिणीला लिम्फेडेमा, म्हणजे द्रव साचून पाय सुजण्याचा आजार, झाला, तिच्यासोबत दवाखान्यात गेले, तेव्हा समजलं की तसं नाही. साध्या व्हेरिकोज व्हेन्सना गोल विणीचे दाबाचे मोजे चालतात, तयार मापांत मिळतात. पण लिम्फेडेमानं पाय कुठं फुगलेला, कुठं खोल पडलेला असेल तर डॉक्टर सपाट विणीचा मोजा लिहून देतात. तिथली बाई टेप घेऊन बसली. घोटा, पोटरी, गुडघा, मांडी, प्रत्येक ठिकाणचा घेर कागदावर उतरला. त्या आकड्यांवरून यंत्र ओळीगणिक सुया वाढवतं-घटवतं, सपाट तुकडा निघतो आणि मागून शिवला जातो. लीच्या मागाची रीत, कॉटनच्या यंत्राची रीत, आणि पोटरीमागं तीच सरळ शिवण.

गोल नळीनं शिवण हरवली ते योग्यच झालं. कोट्यवधी पायांना तिनं स्वस्त, न टोचणारे मोजे दिले, आमच्या पोटरीवरचे वळ घालवले. एखादा पाय चारचौघांसारखा नसला की मात्र ताण आणि वाफ दोन्ही कमी पडतात. तिथं आजही कुणाला तरी टेप लावून एकेक आकडा लिहून घ्यावा लागतो आणि त्या आकड्यांनुसार टाके मोजावे लागतात.