एकट्या आवाजाची कॅसेट

जालना जिल्हा झाला 1 मे 1981 ला. आमच्या घरात टेप आला तो त्यानंतर पाच-सहा वर्षांनी. त्या हंगामात मोसंबीला भाव मिळाला होता. बाबांनी जालन्याहून टेप आणला आणि सोबत एकच कॅसेट, प्रल्हाद शिंद्यांच्या भक्तिगीतांची. वर्षभर दुसरी आलीच नाही. दिवेलागणीला आजी म्हणायची, "लाव बरं त्या पंढरीवाल्याला."

टेपला चार मोठे सेल लागायचे. ते उतरत आले की आवाज जड व्हायचा, शब्द लांबत जायचे. वारीत पाय ओढत चालणारा माणूस गातोय असं वाटायचं. मग आई सेल काढून पत्र्यावर उन्हात ठेवायची. चांगले तापले की त्यांच्यावर आणखी दोन गाणी निघायची.

एकदा रीळ गुंतलं. मी घाईनं कॅसेट ओढली. बाबा रागावले नाहीत. दिव्याजवळ बसून त्यांनी चुरगळलेला तुकडा कात्रीनं कापला, दोन्ही टोकं चिकटपट्टीनं जोडली, कडेची जास्तीची पट्टी ब्लेडनं उतरवली आणि पेन्सिल घालून रीळ गुंडाळून घेतलं. तासाभराच्या कॅसेटमध्ये साधारण 86 मीटर रीळ असतं. त्यातलं फक्त बोटभर गेलं. पण दोन्ही बाजू एकाच रिळावर असतात, म्हणून अलीकडच्या गाण्यातला एक शब्द गेला आणि पलीकडच्या गाण्यातलाही एक. तेव्हापासून आमच्या घरात ती गाणी तेवढा शब्द सोडूनच म्हणतात.

आषाढीला देवळाच्या भोंग्यावर तो आवाज लागायचा. 14 एप्रिलला वस्तीतल्या भोंग्यावर बाबासाहेबांची गाणी लागायची, त्यांतही तोच आवाज. गावात भोंगे दोन होते, गळा एकच. लहानपणी मला त्यात विशेष काही वाटलं नाही. आज वाटतं, आमच्या गावाला एवढं जोडून धरणारं दुसरं काही नव्हतं.

पुढे संभाजीनगरला शिकायला गेलो, तेव्हा त्या गळ्याची गोष्ट वाचली. प्रल्हाद शिंदे मंगळवेढ्याकडचे, 1933 चा जन्म, दलित घर. आई-वडिलांबरोबर भजन-कीर्तन करत ते वाढले. मुंबईत इस्माईल आझाद यांच्या कव्वाली पार्टीत आधी कोरसला उभे राहिले. इतरांच्या मागून गाणाऱ्या माणसाची पुढे एकट्याच्या नावाची कॅसेट निघते आणि ती जालन्याच्या बाजारातून आमच्या ओसरीवर येते, यात किती वर्षांचं चालणं आहे! मंगळवेढा ही चोखोबांची भूमी. चोखोबांची समाधी विठ्ठलाच्या महाद्वाराबाहेर आहे. प्रल्हाद शिंदे लहान होते तेव्हाही ते दार त्यांच्या माणसांना बंदच होतं. साने गुरुजींनी 1947 च्या मे महिन्यात उपोषण केलं, त्यानंतर ते उघडलं. ज्याला बालपणी त्या दारातून आत जाता आलं नसतं, त्याच्या आवाजातून माझ्या आजीला रोज पंढरी दिसत होती. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

23 जून 2004 ला ते गेले. आजी त्याआधीच गेली होती. टेप कधीच भंगारात गेला होता. नंतर मेमरी कार्ड आलं, मग मोबाइल.

गेल्या आषाढीला मी आईला मोबाइलवर तेच गाणं लावून दिलं, अख्खं. ती डोळे मिटून सोबत म्हणत होती. बाबांनी कापलेल्या जागी गाण्यात तो शब्द आला आणि आई अडखळली. मोबाइल माझ्या हातात देऊन म्हणाली, "हे आपलं नाही."

कॅसेट तिच्या लोखंडी पेटीत आहे, लुगड्याच्या घडीत. जालना, बदनापूर, अंबडकडे कुणाकडे चालू टेप असेल तर सांगा. एका दिवसासाठी हवा आहे.