होरापा खुडताना

बँकॉक, १२ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा मिळालं. थाई बेसिलचं बी दोनदा पेरूनही उगवलं नाही, म्हणून तू हिरमुसलीस. माझंही पहिल्या खेपेला असंच झालं होतं. बी चांगलं होतं, माझी पेरायची रीत चुकली होती.

इथे या झाडाला होरापा म्हणतात. आपला सब्जा आणि होरापा एकाच जातीचे, हे समजलं आणि माझं कोडं सुटलं. उन्हाळ्यात तू सब्जा भिजत घालायचीस, तेव्हा काही मिनिटांतच दाण्याभोवती बुळबुळीत थर फुगायचा. होरापाचं बीही तसंच फुगतं. मी ते पेरून वर तांब्याने पाणी ओतलं होतं. बिया वाहून कडेला गोळा झाल्या, एकमेकींना चिकटल्या आणि तिथेच कुजल्या. आता मी माती आधी भिजवते. पाणी मुरलं की कोरडं बी चिमटीने विरळ भुरभुरवते आणि वर जेमतेम झाकेल इतकीच माती घालते. त्यानंतर फक्त फवारा. इथल्या उकाड्यात आठवड्याच्या आत इवल्याशा अर्धगोल पानांच्या जोड्या वर येतात. त्या दिसल्या की पाण्याचा हात आखडता घे. सतत चिंब मातीत कोवळी रोपं बुडाशी सडून आडवी होतात. पुण्यात सध्या पाऊस असेल, तर कुंडी पागोळ्यांखाली ठेवू नकोस, उजेडाच्या खिडकीत ठेव. थंडीही याला सोसत नाही. डिसेंबरातल्या कडाक्याच्या रात्री कुंडी घरात घे, नाहीतर पानं काळी पडतील.

खऱ्या पानांच्या दोन-तीन जोड्या आल्या की रोपं वेगवेगळ्या कुंड्यांत लाव. चौथी जोडी फुटली की शेंडा खुडायचा. इथेच माझा हात थबकत असे.

द्वादशीला तुळस खुडायची नाही, दिवेलागणीनंतर तिला हात लावायचा नाही, एरवीही नमस्कार करूनच पान घ्यायचं, हे तूच मला शिकवलंस. इथे आल्यावर एकदा लसूण-मिरचीवर परतलेल्या खिम्यात मूठभर पानं दिसली. त्यांना इथे कप्राव म्हणतात. ती आपली तुळस! घास घशाखाली उतरेना. होरापा काही तुळस नव्हे. पण तशाच मंजिऱ्या, तसाच चौकोनी देठ. कात्री लावायला मन धजेना. रोप काठीसारखं उंच वाढलं, फुललं आणि पानं बारीक होत गेली.

शेजारच्या आजींनी ते पाहिलं. आम्हां दोघींची भाषा अर्धी हातवाऱ्यांचीच. त्यांनी मला आपल्या कुंडीपाशी नेलं, जांभळट देठावर पानांच्या जोडीच्या जरा वर नख लावलं आणि शेंडा खुडला. मग दोन बोटं दाखवली: इथून आता दोन फांद्या फुटतील. त्या रोज सकाळी त्या दिवसाच्या स्वयंपाकापुरतंच खुडतात. नारळाच्या दुधातल्या हिरव्या रश्शाखालचा गॅस बंद करता करता पानं वर पडतात आणि बडीशेपेसारखा घमघमाट आमच्या दारापर्यंत येतो. खुडण्याआधी त्या झाडावरून एकदा हलकेच तळवा फिरवतात. तो हात मी ओळखला. वृंदावनापाशी तुझाही असाच फिरतो.

आत्या, तेव्हापासून मला वाटतं, तुळशीला न दुखावणं आणि होरापाला रोज खुडणं या एकाच मायेच्या दोन रीती आहेत. ज्या झाडाची जशी रीत, तशी आपण पाळायची.

मंजिरी दिसली की काढून टाक. बियांसाठी एकाच रोपाची राहू दे, पण शेजारी सब्जा फुलू देऊ नकोस. मधमाश्यांमुळे दोघांचा संकर होईल आणि पुढच्या बियांतून होरापाच उगवेल असं नाही.

आणि पहिला शेंडा खुडताना तुझाही हात थबकला, तर आधी नमस्कार कर आणि मग खुड. मी अजून तसंच करते.

तुझी,
भाची